फरशीखालचं नांदरुक

तर झालं असं, की गेल्या पावसाळ्याच्या शेवटी शेवटी आजी आमच्या साताऱ्याच्या घरी फाटकापासून ओट्यापर्यंतच्या वाटेवर पडली. दूधवाल्याला पैसे द्यायला गेली होती. रोजची वाट, सत्तेचाळीस वर्षं पायाखालची. पण मधली एक शहाबादी फरशी एका कडेने अडीच इंच वर आलेली, तिला चप्पल अडकली आणि हातावर तोल गेला. मनगटाचं हाड मोडलं. ब्याऐंशीव्या वर्षी मनगटावर निभावलं म्हणजे नशीबच, असं डॉक्टर म्हणाले. खुबा असता तर वेगळी गोष्ट.

मी शुक्रवारी रात्री पुण्याहून पोचलो तेव्हा घरात निकाल लागलेला होता. आरोपी: फाटकाजवळचं झाड. शिक्षा: मुळापासून. बाबांनी नगरपालिकेत द्यायचा अर्जसुद्धा लिहून ठेवला होता (महाराष्ट्रात शहरी भागात १९७५ च्या कायद्याप्रमाणे स्वतःच्या अंगणातलं झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही, हे किती जणांना माहीत असतं कोण जाणे). आई गप्प. आणि प्लास्टर घालून खाटेवर बसलेली आजी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "झाडाला नका रे हात लावू, ह्यांनी लावलंय."

"ह्यांनी" म्हणजे आजोबांनी. आजोबा पीडब्ल्यूडीत होते. रस्त्याकडेला लावायला आणलेल्या रोपांमधलं एक उरलेलं रोप त्यांनी घर बांधलं त्या वर्षी, म्हणजे १९७८ साली, फाटकाशी लावलं. मी ते झाड लहानपणापासून बघतोय, पण त्याचं नाव कधी विचारलं नव्हतं. आम्ही त्याला नुसतं "फाटकाचं झाड" म्हणायचो.

बरं, हा प्रकार पहिल्यांदा झालेला नव्हता. २०१२ च्या सुमाराला, मी शाळेत असताना, हीच फरशी वर आली होती. तेव्हा गवंडी म्हणाला, "काका, मूळ तोडतो आणि वरून पीसीसी मारतो, परत बघायला नको." त्याने कुऱ्हाडीने मूळ तोडलं, चार इंच काँक्रीट ओतलं, त्यावर फरशी सिमेंटमध्ये पक्की बसवली. तीन-चार वर्षं छान गेली. मग आख्खा काँक्रीटचा तुकडाच फरशीसकट वर यायला लागला. आमच्या धंद्यात याला क्विक फिक्स म्हणतात. बग बंद करायचा, कारण शोधायचं नाही, आणि तो पुढच्या रिलीजमध्ये मोठा होऊन परत येतो.

रविवारी सकाळी मी झाडाचं पान हातात घेऊन बसलो. चकचकीत, जाडसर, वडाच्या पानाहून पुष्कळ लहान. फांद्यांना मटाराएवढी फळं चिकटलेली, त्यावर तांबट आणि कोकिळांची झुंबड. थोड्या पारंब्या. पुस्तकं चाळून, दोन जाणकारांना फोटो पाठवून नाव मिळालं: नांदरुक. वड-पिंपळ-उंबराचा भाऊबंद. शास्त्रीय नाव फायकस मायक्रोकार्पा. आणि हे नाव घेऊन इतिहास शोधायला लागलो तर थेट लॉस एंजेलिसला जाऊन पोचलो. कारण तिथे या झाडाला 'इंडियन लॉरेल फिग' म्हणतात आणि शहराच्या फुटपाथांच्या इतिहासात ते बदनाम आहे. म्हणजे आमच्या फाटकाचं झाड एका महानगराला अब्जावधी डॉलर्सना पडलं आहे! हे वाचल्यावर बाबांच्या अर्जावर चर्चा एक आठवडा पुढे ढकलायला मला चांगलं निमित्त मिळालं.

लॉस एंजेलिस दुसऱ्या महायुद्धानंतर झपाट्याने वाढलं. मैलोन्‌मैल एकसारखी घरं. घरापुढे हिरवळ, हिरवळीपुढे काँक्रीटचा फुटपाथ, फुटपाथ आणि रस्ता यांच्यामध्ये मातीची एक अरुंद पट्टी. त्या पट्टीत शहराने झाडं लावली. १९५० आणि ६० च्या दशकांत लावलेल्या झाडांमध्ये नांदरुकाचा भरणा मोठा होता, आणि ते साहजिक होतं. बारमाही हिरवं, भराभर वाढणारं, कमी पाण्यावर तगणारं, गाड्यांच्या धुराला न जुमानणारं, छाटलं तर शहाण्या मुलासारखं आकारात राहणारं. स्पेसिफिकेशनमधल्या सगळ्या खणांत बरोबरची खूण. फक्त एक खण त्या यादीत नव्हता, तो म्हणजे तीस वर्षांनी याची मुळं कुठे असतील. तीन-चार फुटांच्या पट्टीत ज्याचं खोड एक दिवस तेवढंच रुंद होणार आहे ते झाड लावलं गेलं. त्यात भर म्हणजे हिरवळीला रोज थोडं थोडं पाणी. पाणी वरच्या थरातच राहतं, त्यामुळे मुळांनाही खाली जायची गरज उरत नाही.

आता यातली खरी गंमत झाडात नाही, कायद्यात आहे. कॅलिफोर्नियात १९११ सालचा एक कायदा आहे. त्यानुसार घरापुढचा फुटपाथ जरी सार्वजनिक असला, तरी त्याची दुरुस्ती ही त्या घराच्या मालकाची जबाबदारी. फुटपाथ सगळ्यांचा, पण खर्च तुमचा. हे एकवेळ लोकांनी चालवून घेतलं. पण झाडंही शहराची, लावली शहराने, निवडली शहराने. आणि त्यांच्या मुळांनी फुटपाथ उखडला की पैसे मी भरायचे? हा प्रश्न घरमालक विचारायला लागले आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही. शेवटी १९७३-७४ च्या सुमाराला लॉस एंजेलिसच्या नगर परिषदेने ठरवलं, की झाडांच्या मुळांनी झालेलं नुकसान शहर भरून देईल. त्या वेळी केंद्र सरकारकडून निधी मिळत होता, त्यातून हे काम सुरूही झालं.

काही वर्षांतच निधी संपला. नियम मात्र तसाच राहिला!

याचा परिणाम काय झाला असेल याचा विचार करा. घरमालक म्हणतो, नियमाप्रमाणे हे शहराचं काम. शहर म्हणतं, हो आमचंच, पण पैसे नाहीत. दोघांचंही बरोबर, आणि फुटपाथ दरवर्षी थोडा थोडा वर. आमच्याकडे एखाद्या टीमकडून मोड्यूलची मालकी दुसऱ्या टीमकडे जाते, पण माणसं आणि बजेट जात नाही, तेव्हा हुबेहूब हेच होतं. पुढची वीसेक वर्षं दुरुस्तीचं काम जवळजवळ ठप्प होतं. जिथे फारच ओरड झाली तिथे उखडलेल्या कडेवर डांबराचा गोळा थापून उतार करायचा, की झालं. १९९८ मध्ये फुटपाथांसाठी पैसा उभा करायचा प्रस्ताव मतदानाला ठेवला गेला, तो मतदारांनी नाकारला. मध्यंतरी अर्धा खर्च तुम्ही करा, अर्धा आम्ही, अशीही योजना येऊन गेली.

आकडे ऐका. शहरात एकूण फुटपाथ साडेदहा-अकरा हजार मैल. त्यातले साधारण ४,६०० मैल नादुरुस्त असल्याचा अंदाज वर्षानुवर्षं सांगितला जायचा. अंदाजच, कारण सगळे फुटपाथ चालत जाऊन मोजलेले नव्हते. २०१३ च्या आसपास मोजणीची चर्चा झाली तर नुसत्या मोजणीलाच तीन वर्षं आणि एक कोटी डॉलर लागतील असं निघालं. किती बग आहेत हे शोधायलाच बजेट नाही :)

पण एव्हाना दुसऱ्याच बाजूने दार वाजलं होतं. अमेरिकेत १९९० मध्ये अपंग नागरिकांच्या हक्कांचा कायदा (एडीए) झाला. सरकारी सेवा अपंगांना वापरता आल्या पाहिजेत हे त्यातलं एक मुख्य कलम. मग प्रश्न आला, फुटपाथ ही 'सेवा' आहे का? कॅलिफोर्नियाचीच राजधानी असलेल्या सॅक्रामेंटो शहराविरुद्धच्या बार्डेन खटल्यात २००२ मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं, की हो, आहे. त्यानंतर २०१० मध्ये लॉस एंजेलिसमध्ये व्हीलचेअर वापरणाऱ्या नागरिकांनी शहरावर दावा लावला. तो विलिट्स खटला म्हणून ओळखला जातो. व्हीलचेअरवरच्या माणसाला दोन इंचांची कड म्हणजे भिंत. ती चुकवायची तर रस्त्यावर उतरून गाड्यांच्या मधून जायचं. २०१५ च्या एप्रिलमध्ये तडजोड जाहीर झाली: पुढच्या तीस वर्षांत शहर फुटपाथ सुलभ करण्यासाठी १३० कोटी डॉलरहून जास्त रक्कम खर्च करेल.

हे वाचताना मला पहिल्यांदा जाणवलं, की मी इतका वेळ ही झाड विरुद्ध काँक्रीट अशी मारामारी समजत होतो. पण ज्यांच्यामुळे शहर हललं ते चालू न शकणारे लोक होते. चाळीस वर्षं धडधाकट माणसं ती कड ओलांडून जात राहिली. आमच्या घरातही तेच. मी, बाबा, आई, सगळे गेली पाच वर्षं त्या फरशीवरून सवयीने पाय उचलून जात होतो. मी तर फाटकातून येताना न बघता पाय उचलायचो. आजीला पाय तेवढा उचलता येत नाही, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

असो. लॉस एंजेलिसची गोष्ट इथे संपत नाही. २०१६ मध्ये शहराने धोरण ठरवलं, 'दुरुस्त करा आणि सोडा'. म्हणजे शहर एकदा फुटपाथ नीट करून देणार, घरांसमोर वीस वर्षांची आणि दुकानांसमोर पाच वर्षांची हमी देणार, आणि त्यानंतर जबाबदारी पुन्हा मालकाची. १९११ चा कायदा शंभर वर्षांनी फेरी मारून परत! आणि २०२१ साली या कामाचा पर्यावरण अहवाल मंजूर झाला, त्यात तीस वर्षांत सुमारे तेरा हजार झाडं काढावी लागतील असा हिशेब होता. झाडं वाचवणारे लगेच कोर्टात गेले. म्हणजे एका बाजूला व्हीलचेअरवरची माणसं, दुसऱ्या बाजूला सावली देणारी झाडं, दोघांचीही बाजू खरी, आणि मध्ये ते चार फुटांचं मातीचं पट्टं. आमच्या हॉलमध्ये बाबा आणि आजी यांच्यात जे चाललं होतं त्याचीच ही मोठी आवृत्ती.

आता थोडं इंजिनिअरिंग, कारण त्याशिवाय मला चैन पडत नाही. झाडाचं मूळ एवढी फरशी उचलतं कसं?

आमची शहाबादी दोन बाय दोन फुटांची, सव्वा इंच जाड. वजन साधारण २८ ते ३० किलो. दहा सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटचं एक चौरस मीटर वजनाने २४० किलो भरतं. ऐकायला खूप वाटतं, पण ते वजन एका चौरस मीटरवर पसरलेलं असतं. प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर फक्त २४ ग्रॅम! आणि जाड होणारं मूळ आपल्या आजूबाजूला जो दाब देऊ शकतं तो प्रयोगांमध्ये चौरस सेंटिमीटरला पाच ते नऊ-दहा किलोपर्यंत मोजला गेला आहे. गाडीच्या टायरमधल्या हवेच्या दुप्पट-चौपट. म्हणजे मुळाच्या दृष्टीने काँक्रीट ही पांघरायची चादर आहे. घाई अजिबात नाही, वर्षाला दोन-चार मिलिमीटर जाडी वाढते, पण जॅक चोवीस तास लावलेला आहे आणि तो कधी उतरत नाही.

पण मग मूळ फरशीखालीच का येतं? मुद्दाम छळायला नक्कीच नाही. मुळांना पाणी लागतं तशीच हवाही लागते. आमच्याकडची माती दाबून घट्ट झालेली, खाली हवा नाही. फरशीच्या बरोबर खाली मात्र वाळूचा थर, त्यात हवा खेळती, आणि रात्री फरशी गार पडली की तिच्या पोटाला बाष्प धरतं. आमच्या कोरड्या अंगणात मुळाला याहून चांगली जागा कुठे मिळणार? त्यात फरशीच्या सांध्याला चीर पडली की पाणी आणि हवा दोन्ही आत.

इथे एक मजेशीर वाद आहे. अमेरिकेत सिनसिनाटी शहरात डेव्हिस सिडनर आणि सहकाऱ्यांनी फुटपाथ तपासले आणि २००० साली निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की झाडं असलेले आणि नसलेले फुटपाथ जवळपास सारखेच फुटतात. फरक पडतो तो खालच्या मातीने आणि फुटपाथच्या वयाने. आधी तडा जातो, मग मूळ तिथे येतं, आणि आपण मुळाला पकडतो. मला हे पूर्ण पटलं नाही (सिनसिनाटीत नांदरुक नाही, थंडीत ते टिकणारच नाही), पण आमच्या २०१२ च्या दुरुस्तीला हे तंतोतंत लागू होतं. मूळ तोडलं, तिथून नवी मुळं फुटली, वरून काँक्रीटचं सावलीचं छप्पर आणि कडेने चीर. आम्ही मुळांसाठी घर बांधून दिलं होतं!

सांता मोनिका, म्हणजे लॉस एंजेलिसचं शेजारचं शहर, तिथल्या पब्लिक वर्क्स खात्याच्या एका इन्स्पेक्टरला नव्वदच्या दशकात जिममधली रबराची फरशी बघून कल्पना सुचली, की फुटपाथच रबराचा का नको? जुन्या टायरांपासून केलेल्या अशा लाद्या तिथे बसवल्याही गेल्या. मूळ वाढलं की लादी वाकते, फुटत नाही. उचलायची, खालचं बघायचं, परत ठेवायची. लक्षात घ्या, ही आयडिया रबरात नाही, 'उचलता येणं' यात आहे. हे वाचून मला आमच्या जुन्या शहाबादीची आठवण झाली. आजोबांनी ती १९७८ ला वाळूवर नुसती अंथरली होती. सिमेंट आम्ही घातलं.

हे सगळं आधुनिक शहरांचं दुखणं आहे असं मात्र समजू नका. रोमजवळ 'देआ दिया' नावाच्या देवीचं एक देऊळ राईत होतं, आणि त्याची पूजाअर्चा बघणारा बारा जणांचा एक पुरोहितवर्ग होता, आर्व्हल बंधू. हे लोक आपल्या सगळ्या विधींची नोंद संगमरवरावर कोरून ठेवायचे. काय लॉगिंग! त्यामुळे आपल्याला आज माहीत आहे, की इसवी सन १८३ मध्ये त्या देवळाच्या छपरावर अंजिराचं झाड उगवलं. (अंजीरही फायकसच. पक्षी फळ खातात, विष्ठेतून बी फटीत पडतं, आपल्या किल्ल्यांच्या बुरुजांवर पिंपळ येतो तसंच.) झाड काढायचं तर पवित्र राईत हत्यार चालवावं लागणार, म्हणून आधी प्रायश्चित्त: डुक्कर, मेंढा आणि बैल यांचा बळी. आणि ज्या देवतांना आवाहन केलं त्यांची नावं बघा. देफेरुंडा, म्हणजे झाड खाली उतरवण्याची देवता. कोमोलेंडा, ते तोडून तुकडे करण्याची. अडोलेंडा, ते जाळण्याची. तीन कामं, तीन देवता, प्रत्येकीकडे एकच काम. २२४ साली राईतल्या झाडांवर वीज पडली तेव्हाही अशीच यादी आहे, फक्त नावं थोडी बदललेली. हे वाचून मी हसलो खरा, पण मग वाटलं, एक झाड काढताना ही माणसं प्रत्येक पायरीवर थांबत होती. आमचा २०१२ चा गवंडी चहा यायच्या आत मूळ तोडून मोकळा झाला होता.

आपल्याकडेही वराहमिहिराच्या बृहत्संहितेत (सहावं शतक) मूर्तीसाठी लाकूड तोडण्याआधी झाडाची पूजा करून, त्यावर राहणाऱ्यांना दुसरीकडे मुक्काम हलवण्याची विनंती करायला सांगितलं आहे. त्याच ग्रंथात झाडं किती अंतरावर लावावीत याचा हिशेबही आहे: वीस हात उत्तम, सोळा मध्यम, बारा कमीत कमी, कारण जवळ लावलेल्या झाडांची मुळं एकमेकांत गुंततात आणि फळ येत नाही. आणि घराजवळच्या झाडांबद्दल सांगताना दक्षिणेपासून क्रमाने पिंपरी, वड, उंबर, पिंपळ अशुभ म्हटले आहेत. चारही फायकस! "बघा, पूर्वजांना मुळांचं सगळं माहीत होतं" असं म्हणायचा मला जबर मोह झाला होता. पण पुढेच लिहिलंय, की हीच चार झाडं उत्तरेपासून क्रमाने असतील तर शुभ. आता मुळांना काही होकायंत्र नसतं. तेव्हा तो मोह आवरलेला बरा.

कंबोडियातलं ता प्रोह्म तुम्ही फोटोत नक्की बघितलं असेल, 'टूम रेडर' (२००१) त्यात चित्रित झालाय. सातव्या जयवर्मन राजाने ११८६ मध्ये आईच्या स्मरणार्थ बांधलेला मठ. पुढे जंगलाने गिळला. विसाव्या शतकात फ्रेंच अभ्यासकांनी अंगकोरची बाकीची देवळं साफ केली, पण हे एक, जंगलाने काय होतं हे दाखवायला, मुद्दाम बरंचसं तसंच ठेवलं. आता तिथे झाड काढलं तर भिंत कोसळते, कारण मुळांनीच दगड धरून ठेवलेत. आणि झाड ठेवलं तर आज ना उद्या ते पडेल तेव्हा भिंतीसकट पडेल. हे त्रांगडं सोडवायचं काम २००३-०४ पासून आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्याकडे आहे. त्यांनी पडक्या दालनांचे दगड एकेक ओळखून परत रचले, मुळांना टेकू दिले, पायाखाली मुळं तुडवली जाऊ नयेत म्हणून लोकांसाठी लाकडी वाटा केल्या. वाट मुळांच्या वरून नेली! सगळ्या वाचनात मला घरी वापरता येईल असं जे काही मिळालं त्यात हे पहिलं.

पुढच्या शनिवारी मी आणि बाबा कामाला लागलो. सोबत एक नवा गवंडी, वयाने माझ्याएवढा. आधी सगळ्या फरशा उचलल्या, नंबर घालून बाजूला रचल्या. २०१२ चं काँक्रीट फोडायला अख्खा दिवस गेला. खाली जे दिसलं ते बघून बाबा बराच वेळ उकिडवे बसून राहिले. तोडलेल्या जुन्या मुळाचं थोटूक, आणि त्याच्या टोकाकडून पंजासारखी फुटलेली पाच मुळं, प्रत्येक मनगटाएवढं. काँक्रीटच्या पोटाला चिकटून चपटी झालेली.

"ही आता तोडायची का?" गवंड्याने विचारलं.

खोडाचा घेर सहा फूट, म्हणजे व्यास साधारण तेवीस इंच. झाडवाल्यांचा एक ठोकताळा असा, की खोडाच्या व्यासाच्या तिप्पट अंतराच्या आत मोठी मुळं तोडू नयेत, झाडाचा आधार जातो. म्हणजे जवळपास पावणेसहा फूट. आमची वाट खोडापासून तीन फुटांवर. तोडली तर आज फरशी सपाट होईल, पण एखाद्या वादळात झाड घरावर यायची शक्यता आम्हीच तयार करणार. २०१२ ला ते झालं नाही ही कृपा. "नको," बाबा म्हणाले. मी काही बोललो नाही.

वाट शेवटी अशी झाली: जिथे जागा होती तिथे ती झाडापासून दोन फूट लांब वळवली. तरीही दोन मुळं आडवी येत होती, तिथे वाटच चार इंच वर उचलली. मुळांवर माती किंवा सिमेंट काही नाही, नुसती वीस एमएमची धुतलेली खडी, म्हणजे हवा राहील पण मुळांना तिथे वर यायला ओल धरणारं काही मिळणार नाही. त्यावर बारीक कच, त्यावर त्याच जुन्या शहाबाद्या. सांध्यांत वाळू. बाहेरच्या कडेला फरशीच्याच उभ्या पट्ट्या रोवल्या, म्हणजे खडी सरकणार नाही. चढ किती द्यायचा यावर अमेरिकन एडीएचे नियम बघितले: अर्ध्या इंचाच्या वरची कोणतीही उभी कड चालत नाही, उतार करावा लागतो, आणि तो जास्तीत जास्त बाराला एक. चार इंचांना चार फूट. आम्ही आजीसाठी वीसला एक धरला, ऐंशी इंच, दोन्ही बाजूंनी. गवंडी म्हणाला, एवढ्याशा उंचीला एवढा लांब उतार कुणी करत नाही साहेब. म्हटलं, करा. मग एका बाजूला कठड्याला जुना जीआय पाइप धरायला लावला.

पाच-सात वर्षांनी फरशा परत हलतील, यात मला शंका नाही. तेव्हा उचलायच्या, खडी सारखी करायची, परत ठेवायच्या. एका सुट्टीचं काम. नंबर मी फरशांच्या पाठीवरच ऑइलपेंटने घातलेत.

आजीचं प्लास्टर निघालं त्या रविवारी ती काठी घेऊन वाटेवरून फाटकापर्यंत जाऊन आली. पाइपला हात लावला नाही. परत आल्यावर म्हणाली, "वाकडी केलीत की रे वाट." मी म्हटलं, आजी, झाड सरळ आहे ना? त्यावर तिने फक्त हूं केलं आणि दूधवाल्याचे मागच्या महिन्याचे किती राहिले ते आईला विचारायला लागली. बाबांचा अर्ज अजून टीव्हीखालच्या खणात आहे, लाइटबिलांच्या गठ्ठ्यात. परवा बघितला, वर तारीख घातलेली नाही.